जिल्हा चांदा

इस्तारी डोंगेवाल्याला कुणी जिल्हा विचारला, तर तो शेवटपर्यंत एकच सांगत आला: चांदा. अहो, चांद्याचं चंद्रपूर होऊन जमाना झाला, आणि तुमचं नवेगाव तर आता चंद्रपुरातही नाही, ब्याऐंशी साली वैनगंगेच्या अलीकडचा सगळा मुलूख तोडून वेगळा गडचिरोली जिल्हा केला, हे त्याला तलाठ्यानं सांगून पाहिलं, मतदार यादीवाल्यांनी सांगून पाहिलं, पोटचा पोरगा तर उठता बसता सांगायचा. इस्तारी नीट ऐकून घ्यायचा. "केला असंन," म्हणायचा. "मले कोणी विचारलं नाई."

त्याच्या बायकोची, वच्छलाची, तऱ्हाही तीच. तिला अक्षरओळख नव्हती. तिच्याजवळ भूगोल म्हणून जो काही होता तो नवऱ्याच्या तोंडून आलेला, आणि नवऱ्याजवळचा चौथीच्या वर्गातला. तिचं माहेर नदीच्या पलीकडे, सावली गावाच्या बाजूला. जिल्हा तुटला तेव्हा ती नवी लग्न झालेली होती, आणि नवऱ्यानं तिला सांगितलं की तुझे मायबाप आता परजिल्ह्यात राहतात. ती खूप हसली होती. तिला ती थट्टाच वाटली.

चार वर्ग शिकणं ही नदीकाठच्या मासेमारांच्या ढिवरमोहल्ल्यात त्या काळी साधी गोष्ट नव्हती. गुरुजींनी जिल्ह्याचा धडा पोरांकडून पाढ्यांच्या चालीवर घोकून घेतला होता. आमचा चांदा जिल्हा. उत्तरेस नागपूर आणि भंडारा, पूर्वेस दुर्ग आणि बस्तर, दक्षिणेस आदिलाबाद आणि करीमनगर, पश्चिमेस वर्धा आणि यवतमाळ. मग नद्या. मग बोटांची पेरं मोजत तहसिली, वरोऱ्यापासून थेट सिरोंच्यापर्यंत. मग गोंड राजांनी बांधलेला चांद्याचा परकोट आणि त्याचे दरवाजे. एवढा लांबलचक जिल्हा, की वरच्या टोकाचे लोक मराठीत भांडायचे, खालच्या टोकाचे तेलुगूत, मधल्या रानातले गोंडीत, आणि सगळ्यांचा निवाडा चांद्याच्या एकाच कचेरीत व्हायचा. तिथवर पोचायला बैलगाडीनं किती मुक्काम पडायचे ते ज्याचं त्याला ठाऊक. धड्यात ते नव्हतं.

इस्तारीचा धडा इतका पक्का होता की गुरुजींनी ठरवलं, ह्या पोराला चांद्याला न्यायचं आणि शिक्षण खात्याच्या मोठ्या साहेबांपुढे उभं करायचं. आईनं सदरा धुऊन, घडी घालून उशाखाली ठेवला. जायच्या दिवशी वैनगंगा दोन्ही काठ सोडून वाहत होती. डोंगा लागला नाही. पूर उतरला तेव्हा साहेब परतले होते, पुढच्या साली गुरुजींची बदली झाली, आणि बापानं पोराच्या हातात डोंगा ढकलायचा बांबू दिला.

पुढे जन्मभर त्यानं लोकांना ह्या काठावरून त्या काठावर नेलं. वऱ्हाडं नेली, बाळंतिणी नेल्या, बकऱ्या नेल्या, इलेक्शनच्या पेट्या नेल्या. महाकालीच्या यात्रेला स्वतःही कितीदा चांद्याला जाऊन आला. पण साहेबांपुढे धडा म्हणायचा राहिला तो राहिलाच, आणि ही खंत तो सुपारीसारखी गालात धरून होता. चिडवायचं असेल तर गाववाले त्याला त्याच्यावरूनच चिडवायचे. मार्कंड्याच्या जत्रेत पहिल्या कमाईतून त्यानं डाव्या हातावर गोंदून घेतलं होतं: इस्तारी, नवेगाव, जि. चांदा. नंतर एका पुरात डोंग्याच्या साखळीनं तो हात असा सोलला की नाव गेलं, गावही गेलं. मनगटाजवळ 'जि. चांदा' तेवढं राहिलं, हिरवंगार, कालच गोंदल्यासारखं. घाटावरची माणसं म्हणायची, इस्तारीभाऊला नाव नाही, गाव नाही, नुसता जिल्हा आहे. तोही हसायचा. वच्छलालाही तेव्हा हसू यायचं.

पूल झाला आणि डोंगा काठावर उलटा पडला. काही वर्षांनी इस्तारीचं डोकंही तसंच पालथं व्हायला लागलं. आधी जाळं कुठं ठेवलं ते आठवेना, मग जेवलो की नाही ते, मग सून रिंकूचं नाव, मग पोराचं. भूपेशला तो घाटाचा ठेकेदार समजायचा आणि त्याच्यापुढे हात जोडायचा. भूपेश त्या वेळी तोंड फिरवून बाहेर जायचा. बापानं आपल्यापुढे हात जोडावेत हे कुठल्या पोराला बघवेल? सगळं विसरत गेलं, एक धडा तेवढा विसरला नाही. सकाळी उठून, अंगणात पूर्वेकडे तोंड करून, हात मांड्यांना चिकटवून इस्तारी तो म्हणायचा. चूक एक नाही. भूपेश एकदा वैतागून म्हणाला की ह्या चार दिशांतले निम्म्याहून जास्त जिल्हे आता जसेच्या तसे उरलेले नाहीत, त्यांचे तुकडे झाले. वच्छला त्याला म्हणाली, म्हणू दे, तेवढ्या वेळापुरता तरी तो आपला माणूस असतो.

धान कापून झाला होता तेव्हाची गोष्ट. वच्छला तलावावर भांडी घासायला गेली होती, रिंकू आत चुलीशी. इस्तारीनं धुतलेला सदरा घातला, डोक्याला तेल लावलं आणि घरातून निघाला. पुलावर एका गुराख्यानं विचारलं, कुठं चाललात, तर म्हणाला, चांद्याला, साहेब येऊन राहिले. गुराख्याला त्यात वावगं काय दिसणार? व्याहाडच्या फाट्यावर कुणीतरी म्हाताऱ्याला हात देऊन चंद्रपूरच्या बसमध्ये चढवलंही. लोक चांगलेच होते. ह्या सगळ्या गोष्टीत वाईट माणूस शोधायला गेलात तर सापडायचा नाही, हेच तर दुःख आहे.

गुराख्याकडून कळल्यावर मायलेक पोलीस ठाण्यात गेले. जमादार तरणा होता, पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याशा जिल्ह्यातून बदलून आलेला, बोलायला नम्र. त्यानं वय विचारलं, उंची विचारली, कपडे विचारले. भूपेशनं फोटो दिला तो दहा वर्षांपूर्वीचा, भरल्या अंगाचा, मिशीवाला. मग जमादारानं अंगावरची खूण विचारली, आणि भूपेशच्या आधी वच्छला बोलली.

"डाव्या हातावर गोंदलं हाय, साहेब. जिल्हा चांदा."

जमादाराचा हात थांबला. चांदा म्हणजे चंद्रपूरच ना, त्यानं विचारलं. म्हणजे माणूस तिकडचा, गेलाही तिकडेच, मग तक्रार इकडे कशी घ्यायची? तुम्ही नदीपलीकडच्या ठाण्यात जायला हवं. तो काही हाकलून देत नव्हता, त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. पण सरकारी दारातून परत फिरणं म्हणजे काय असतं ते भूपेशनं मच्छीमार सोसायटीच्या तलावापायी पुरतं भोगलं होतं. तो घाईघाईनं म्हणाला:

"नाई साहेब, गडचिरोली. माय जुनं बोलते. आमी गडचिरोलीचेच."

"हातावर काय लिहिलंय ते सांगा."

"जिल्हा गडचिरोली."

"चांदा हाय ना गा, बाबू," वच्छला म्हणाली.

भूपेशनं टेबलाखाली तिचा हात धरला आणि दाबला. गप्प राहा, एवढाच त्याचा अर्थ. ती गप्प राहिली. पोरगा शिकलेला होता, दहावी पास, त्याला ह्या जागांमधलं बोलणं समजत होतं. साखळीनं सोललेल्या हाताचंही सांगावं असं तिच्या मनात आलं, पण जमादार म्हणाला, गोंदण आहे ना, मग बाकी कशाला, गोंदणासारखी पक्की खूण नाही. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि तसंच वरही कळवलं.

मग दोघं चंद्रपूरला गेले. बसस्टँड पालथा घातला, जटपुरा गेटखालच्या भिकाऱ्यांची तोंडं पाहिली, स्टेशन पाहिलं. महाकालीच्या देवळाबाहेर एका हारवालीनं सांगितलं की असा एक म्हातारा आला होता खरा. ताठ उभा राहून कसलीतरी कविता म्हणत होता. लोकांनी पुढ्यात पैसे टाकले, त्यानं ते उचललेसुद्धा नाहीत. इथं साहेब कुठं बसतात असं विचारत होता, तेव्हा कुणी गंमतीनं स्टेशनकडे बोट दाखवलं. तिथून पुढे माग लागला नाही. चंद्रपूरच्या पोलिसांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, तुमची तक्रार तिकडे नोंदलेली आहे, खबर आली की तिकडेच कळेल, तुम्ही हेलपाटे मारू नका.

म्हणून त्यांनी हेलपाटे मारले नाहीत. घरी बसून वाट पाहिली.

माणूस मेला तर रडून मोकळं होता येतं. हरवलेल्या माणसाचं काय करायचं ते वच्छलाला कुणीच शिकवलं नव्हतं. कुंकू लावायचं की नाही? त्याच्या वाटचा भात रांधायचा की नाही? रिंकू रोज एक मूठ तांदूळ जास्तीचे टाकायची आणि सकाळी तो भात कोंबड्यांना घालायची, आणि त्यावरून सासूसुनेत एक शब्द होत नसे. थंडी वाढली तशी वच्छलाला एकच घोर लागला, की त्याच्या अंगावर नुसता सदरा आहे. घोंगडी खुंटीला तशीच होती. ती तिनं स्वतःही पांघरली नाही. सकाळी अंगणात धड्याचा आवाज नसे, आणि त्या वेळेला ती मुद्दाम नळावर जाई. लोक म्हणायचे, देव आहे, येईल. देव आहे हे ऐकून तिला चीड यायला लागली होती.

भूपेश दर बाजाराला ठाण्यात जाऊन यायचा. काही नाही, म्हणायचा, आणि जाळ्याच्या गाठी मारत बसायचा.

माघात गावातली माणसं मिरची तोडायला तेलंगणात गेली. दरवर्षीच जातात. त्यांच्यात शेजारचा लटारू होता. त्याच्या टोळीतल्या एका बाईला ताप भरला म्हणून तो तिला जवळच्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या वॉर्डातल्या सेवकानं ह्यांची बोली ऐकली आणि विचारलं, तुम्ही महाराष्ट्रातले का? मग खिशातून मोबाइल काढून म्हणाला, हे जरा ऐका, कसला मंत्र आहे सांगा. लटारूनं ऐकलं आणि पहिल्याच ओळीला ओळखलं. तो मंत्र नवेगावच्या कुत्र्यामांजरांनाही पाठ होता.

त्यानं तिथूनच भूपेशला फोन केला. भूपेशनं बोलणं अंगणात उभ्यानं ऐकलं, आत आला आणि म्हणाला, "माय, बा सापडला." एवढंच. वच्छलानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं पुढचं विचारलं नाही, कारण विचारल्यावर उत्तर मिळालं असतं. तिनं पिशवीत धोतर घेतलं, खुंटीवरची घोंगडी घेतली, त्याला आवडायचं म्हणून भाजलेलं सुकट फडक्यात बांधून घेतलं. बल्लारशापासून रेल्वेत ती खिडकीशी ते गाठोडं मांडीवर धरून बसली होती. वर्धा नदी गेली, रान गेलं, स्टेशनांवरची अक्षरं गोल गोल झाली, तरी भूपेश काही बोलेना. तेव्हा तिनं आपणहून ती घोंगडी उलगडली आणि स्वतःच्या अंगावर घेतली. भूपेशला त्यावरून कळलं की तिला कळलेलं आहे.

लटारू दवाखान्याच्या दारात उभा होता. सेवक मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचा, भला माणूस. म्हातारा इथल्या स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर पडलेला सापडला, अंगात ताप, पोटात अन्न नाही, असं त्यानं सांगितलं. औषधानं सुधारला. बरेच दिवस होता. नाव विचारलं की हसायचा. पण रोज सकाळी खाटेवरून उतरून, ताठ उभा राहून हे म्हणायचा. आम्हाला वाटलं मोठा भक्त असेल. दोघी नर्सबाई तर त्याचं संपेपर्यंत हात जोडून उभ्या राहायच्या, आणि शेजारच्या खाटेवरचा एक रोगी त्याच्या पाया पडायचा.

त्यानं मोबाइल वच्छलाच्या कानाशी धरला.

आधी खाटांचा, भांड्यांचा आवाज. मग तो. आमचा चांदा जिल्हा. उत्तरेस, पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस. आवाज बारीक झाला होता, पण चाल तीच. नद्या आल्या, तहसिली आल्या, परकोट आला. धडा संपला, आणि त्याच्यानंतर घरी अंगणात कधी न ऐकलेले शब्द आले. "बरोबर आलं का, साहेब?" मागून सेवकाचाच आवाज, हां हां, बहुत अच्छा. आणि मग इस्तारी हसला. लहान पोरासारखा हसला.

 वच्छलाला वाटलं की आत्ताच्या आत्ता हा दवाखाना, ही खाट, सगळं खाली जावं आणि आपणही जावं. ह्या हसण्याला आपण नव्हतो. आपण तिकडे कोंबड्यांना भात घालत होतो.

दवाखान्यातल्या चौकीत एक वयस्क पोलीस होता, त्याला मराठी थोडं समजायचं. त्यानं आपल्या फोनमधला एक फोटो काढला. वाळलेला हात, सोललेल्या जागेची चकचकीत कातडी, आणि मनगटाजवळ हिरवी अक्षरं. हाच का, म्हणून विचारलं. भूपेशनं मान हलवली.

मग तो पोलीस सावकाश सांगत गेला. इथल्या एका हमालाला ही अक्षरं वाचता आली. चांदा नावाचा जिल्हा नकाशात नाही, मग कुणी म्हणालं ते चंद्रपूर. चंद्रपूरला कळवलं. त्यांनी आपल्याकडे शोधलं, बेपत्ता असा कुणी निघाला नाही. तरी त्यांनी नदीपलीकडे गडचिरोलीतही विचारून घेतलं. तिकडून निरोप आला की आमचा एक म्हातारा हरवला आहे, पण त्याच्या हातावर गडचिरोली गोंदलेलं आहे, चांदा नाही. तेव्हा तो आमचा नव्हे. मग कुणाला विचारायचं उरलं नाही.

"तवा..." भूपेश म्हणाला. "तवा बा होता?"

पोलीस म्हणाला, होता. चालत फिरत होता. पुढे छातीत कफ झाला. शवागारात ठेवता आलं तेवढे दिवस ठेवलं, मग नगरपालिकेनं माती दिली. आणि मग त्यानं, अगदी सहज, रागानं नव्हे, विचारलं की हातावर स्पष्ट चांदा होतं, तर तुम्ही तक्रारीत तसं का नाही सांगितलं?

 भूपेश भिंतीला टेकला. त्याचं तोंड उघडलं होतं आणि रंग मातीचा झाला होता. लटारूला काहीच माहीत नव्हतं, तो ह्याच्याकडून त्याच्याकडे बघत राहिला. वच्छलानं पोराकडे पाहिलं. तिला तो टेबलाखालचा हात आठवला, तिचा हात दाबणारा, घामानं ओला. तिच्या मनात रागाचा डोंब उसळला, खोटं कशाला बोला. एका शब्दापायी तुझा बाप परक्या खाटेवर मेला, असं ओरडावंसं तिला वाटलं. एक क्षणभर ते जिभेवर आलंही होतं.

"मी सांगतलं," ती म्हणाली. "गडचिरोली म्हणून मीच सांगतलं, साहेब. पोरगा चांदाच म्हणून राह्यला होता. मले वाचता येत नाई."

"माय..."

तिनं भूपेशचा हात धरला आणि दाबला. जोरात दाबला, नखं रुतेपर्यंत. तो गप्प बसला. पोलिसानं मान हलवली, अडाणी बाई, काय करणार, अशा अर्थाची, आणि फोन खिशात ठेवला.

माती दिली ती जागा शहराबाहेर होती. बेवारसांची रांग होती, काही ठिकाणी दगड, काही ठिकाणी तेही नाही. सेवकानं आठवून आठवून एक जागा दाखवली. नक्की हीच ना, असं वच्छलानं विचारलं नाही. तिनं सुकटाची पुरचुंडी तिथं ठेवली, धोतर पसरलं, त्यावर चार खडे ठेवले. रडायला बसली तर रडूही येईना. तिला आपलं वाटत राहिलं की ह्या मातीला आपल्या घरचं काहीच माहीत नाही. इथं सकाळी कुणी उठून पूर्वेकडे तोंड केलं तर समोर दुर्ग येत नाही, बस्तर येत नाही.

परतल्यावर गावात बातमी झाली. गाव ते, कसं झालं म्हणून विचारणारच. भूपेश तेराव्याला चारचौघांत उभा राहिला आणि म्हणाला, माय चांदाच म्हणत होती, चूक माझी आहे. वच्छला आतून ओसरीवर आली. सगळ्यांदेखत म्हणाली की पोराचं डोकं दुःखानं ठिकाणावर नाही, बोलले ते मीच बोलले. लटारूनंही साक्ष दिली की होय, तिकडे पोलिसापुढे मावशीनंच कबूल केलं. लोकांना पटलं. म्हातारी अडाणी आहे, तिची चूक झाली असणार, हे पटायला सोपं होतं. बायका मागून बोलायला लागल्या की स्वतःच्या नवऱ्याच्या हातावरचं हिला सांगता आलं नाही. ते तिच्या कानावर येई. ती येऊ देई.

घरात मात्र दोघांनाच खरं माहीत होतं, आणि त्याचं काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. भूपेश तिच्या डोळ्याला डोळा देत नसे. रात्रीचं जेवण पुढ्यात घेऊन बसे आणि तसाच उठे. ती त्याला एक शब्द बोलली नाही, आणि तिचं न बोलणंच त्याला खात असावं, पण बोलायचं तरी काय? माफ केलं म्हणावं तर गुन्हा ठरतो. काही झालंच नाही म्हणावं तर माणूस जातो.

चैत्र आला. महाकालीच्या यात्रेला जायची गावात तयारी सुरू झाली. इस्तारी होता तेव्हा बायांची टोळी त्याच्याच मागं निघायची. मोहल्ल्याच्या टोकाची बुधरी, वच्छलाची जुनी मैत्रीण, डोक्यावर पाटी घेऊन दारात थांबली. भूपेश ओसरीवर जाळं घेऊन बसला होता. बुधरीनं लांबूनच हाक दिली.

"वच्छलाबाई, चांद्याले चालतं का वं औंदा?"

वच्छला तांदूळ निवडत होती. तिचे हात सुपावर थांबले. तिनं पोराकडे पाहिलं नाही.

"चंद्रपूर म्हण, बाई," ती म्हणाली. "चांदा नाई म्हणत आता."

बुधरी चकित होऊन तिथंच उभी राहिली. भूपेशनं जाळं खाली ठेवलं आणि तोंड झाकून घेतलं. वच्छला पुन्हा तांदूळ निवडायला लागली.